सौंसरहून नागपूरला, धुरासकट

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्याचे पांढुर्णा आणि सौंसर हे दक्षिणेकडचे तालुके वेगळे निघाले आणि पांढुर्णा हा मध्य प्रदेशातला नवा जिल्हा झाला. जिल्हा लहान, बोलणं मराठी, शेतात संत्रा आणि कापूस. दोन्ही गावांना रेल्वे आहे. पण पांढुर्ण्याहून रेल्वेनं सौंसरला जायचं म्हटलं, तर आधी नागपूर गाठायचं, तिथं गाडी बदलायची आणि पुन्हा उत्तरेकडे तोंड करायचं. रस्त्यानं तासाभरात होणाऱ्या कामाला अख्खा दिवस. असा प्रवास कुणी हौसेनं केलाच असेल, तर तो पक्का रेल्वेवेडा म्हणायचा.

या विचित्र नकाशाला डोंगर-नद्या जबाबदार नाहीत, दोन इंग्रजी कंपन्यांचे हिशेब जबाबदार आहेत. पांढुर्ण्यावरून गेली ती मुंबईची ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी. सौंसरवरून गेली ती बंगाल-नागपूर रेल्वे, म्हणजे बीएनआर. तिचं तोंड कलकत्त्याकडे. पहिलीच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचं अंतर, दुसरीच्या अडीच फुटांचं. पुढे कंपन्या सरकारजमा झाल्या, नावं बदलली, पण फाळणी तशीच राहिली. आजही पांढुर्णा मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात आहे आणि सौंसर दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात. रेल्वे दोन, साहेब दोन, कचेऱ्या दोन. शहर मात्र एकच.

सौंसर, रामाकोना, लोधीखेडा या पट्ट्यात वयस्कर माणसांसमोर छोट्या लाइनचा, म्हणजे या अडीच फुटी नॅरोगेजचा विषय काढला, की बोलणं इंजिनापासून सुरू होतं आणि चार वाक्यांत नागपूरच्या इतवारीच्या बाजारात पोचतं. धूर, शिट्टी, डोळ्यात गेलेली कोळशाची कणी हे सगळं येतंच. पण त्याच्यामागे सतत एक शहर उभं असतं. वाफेच्या गाड्यांची आठवण जगभर काढली जाते. या भागातली आठवण समजून घ्यायची, तर ही गाडी कुठून सुटायची यापेक्षा ती कुठे जायची, ते आधी पाहावं लागतं.

बीएनआर ही कंपनी १८८७ मध्ये निघाली. नागपूर-छत्तीसगड रेल्वेची जुनी मीटरगेज लाइन तिनं ताब्यात घेतली, रुंद केली आणि हावड्याकडे नेली. हा झाला मोठा धंदा. मधल्या सातपुड्याच्या पठारावर मात्र कंपनीनं हात आखडता घेतला. १८९६-९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसं छपन्नचा दुष्काळ म्हणतात, या दोन्हींनी मध्य प्रांताचं कंबरडं मोडलं होतं. धान्य असलं तरी ते पठारावर पोचवायला वाट नाही, हे सरकारला कळून चुकलं होतं. तरीही डोंगरात साडेपाच फुटी लाइन टाकण्याइतकी कमाई दिसत नव्हती. तोडगा निघाला तो अडीच फुटांचा. रूळ हलके, पूल अरुंद, वळणं जास्त तीव्र चालतात, डोंगर कमी फोडावा लागतो. १९०३ पासून दोन-तीन वर्षांत गोंदियाहून बालाघाट, नैनपूर, जबलपूर आणि छिंदवाडा असं जाळं विणलं गेलं. नागपूर ते छिंदवाडा ही सौंसरवरून जाणारी लाइन १९१३ मध्ये सुरू झाली. लांबी सुमारे दीडशे किलोमीटर, आणि सौंसर जवळपास निम्म्या वाटेवर.

कंपनीला या वाटेवर कापूस दिसत होता, लाकूड दिसत होतं. आणि जमिनीखाली मँगनीज होतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले एल. एल. फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीज खनिजांवर भलामोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली बरीच पायपीट याच भागातली. सौंसर तालुक्यातली काचीढाणा खाण त्यात येते. नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यातल्या मँगनीजवाल्या प्राचीन खडकांना भूशास्त्रात आज ‘सौंसर गट’ म्हणतात. त्यातल्या एका खडकाला फर्मर यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिलं. म्हणजे नकाशावर बोटानं शोधावं लागणारं सौंसर जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत कधीचं जाऊन बसलं आहे. गावातल्या किती पोरांना हे शाळेत सांगतात, देव जाणे. बाहेरच्यांना तर या जिल्ह्याविषयी एवढंच ठाऊक असतं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे मारतात.

इंजिनं आली ती स्कॉटलंडमधून. ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी १९०३ मध्ये तीन कारखाने एकत्र येऊन झाली होती आणि तेव्हा युरोपातली सर्वांत मोठी इंजिन बनवणारी कंपनी होती. तिथं तयार झालेलं इंजिन शहरातल्या रस्त्यांवरून ओढत क्लाइड नदीच्या धक्क्यावर न्यायचे, क्रेननं उचलून बोटीत ठेवायचे आणि मग ते साम्राज्याच्या कुठल्याही टोकाला रवाना. त्याच नदीकाठी जगभरच्या आगबोटीही बांधल्या जात. बीएनआरच्या छोट्या लाइनवर नाव कमावलं ते या कंपनीच्या ‘सीसी’ वर्गाच्या इंजिनांनी: पुढे चार लहान चाकं, मधे सहा मोठी, मागे दोन. लहान गाडीच्या मानानं देखणा, लांबसडक घाट. १९०७ च्या आसपास आलेली ही इंजिनं सत्तर-सत्तर वर्षं राबली. त्यांच्यापैकी सीसी ६७७ आज नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

वाफेचं इंजिन म्हणजे चाकांवर ठेवलेली भट्टी आणि पाण्याची टाकी. ते सकाळी कळ दाबून सुरू होत नाही. थंड इंजिनात आग पेटवल्यापासून कामाचा दाब यायला कित्येक तास लागतात. म्हणून गाडी पहाटेची असली, तर शेडमधली माणसं आदल्या रात्रीच आगीला लागायची. आधी लाकडं आणि तेलात भिजवलेली चिंधी, मग थोडा कोळसा, मग जास्त. एकदा आग धरली, की ती सपाट, सारख्या जाडीची ठेवणं हे फायरमनचं कसब. फावडं भरून कोळसा एकाच जागी टाकला तर तिथं ढीग होतो, दुसरीकडे भोक पडतं, थंड हवा आत शिरते आणि दाब उतरतो. हलत्या पाट्यावर पाय रोवून, भट्टीचं दार उघडून, नेमक्या कोपऱ्यात फावडं रिकामं करायचं आणि लगेच दार लावायचं. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश आणि समोर भट्टी. आठवणींत रमणाऱ्यांनी हे चित्र जरा डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

ड्रायव्हरची एक नजर रुळावर असायची आणि दुसरी काचेच्या नळीवर. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते या नळीत दिसतं. पाणी कमी झालं आणि भट्टीच्या माथ्यावरचं पत्र्याचं छत उघडं पडलं, तर ते तापून मऊ पडतं आणि बॉयलर फुटू शकतो. त्यावर उपाय म्हणून छतात शिशाचा बूच बसवलेला असे. उष्णता वाढली की शिसं वितळायचं, वाफ भट्टीत घुसायची, आग विझायची आणि इंजिन वाचायचं. ड्रायव्हरची नोकरी वाचेलच असं नाही. ठराविक स्टेशनांवर पाण्याच्या टाक्या असत. तिथं गाडी थांबली की फायरमन टेंडरवर चढे, चामड्याची जाड नळी ओढून तोंडाशी लावे आणि इंजिन पाणी पिऊ लागे. तेवढ्यात उतारू खाली उतरून आपापल्या बाटल्या, तांबे भरून घेत. इंजिनाच्या तहानेवर वेळापत्रक चालायचं, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

खरा कस लागायचा तो घाटात. छिंदवाडा समुद्रसपाटीपासून साधारण पावणेसातशे मीटरवर आहे, सौंसर त्याच्या जवळपास निम्म्या उंचीवर. रामाकोन्याच्या आसपास कन्हान नदी भेटते, आणि मग भिमालगोंदी, भंडारकुंड, उमरानाला असं करत गाडी सातपुडा चढते. पावसाळ्यात रूळ ओले, सागाच्या पानांचा लगदा त्यावर, आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागायची. यासाठी इंजिनाच्या पाठीवर वाळूचा घुमट असतो. दांडा ओढला की नळीतून कोरडी वाळू चाकापुढे रुळावर पडते आणि पकड बसते. तेवढ्यानं भागलं नाही, तर गाडी मागे घेऊन पुन्हा जोर लावायचा. उतारू या वेळी घाई करत नसत. सीताफळं, जांभळं, चारं यांचं जंगल दोन्ही बाजूंना. पुढच्या डब्यातून उतरून फळं तोडून मागच्या डब्यात चढल्याच्या गोष्टी या लाइनवर पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. सगळ्याच खऱ्या मानायच्या तर घाटात एकही झाड शिल्लक राहिलं नसतं. पण गाडीचा वेग पाहता त्या अशक्यही नाहीत.

डब्यातलं जग वेगळं. लाकडी बाकं, एकमेकांना गुडघे लागतील एवढी रुंदी. समोर बसलेल्याशी न बोलता प्रवास करणं म्हणजे ठरवून केलेला अपमान. कुठले तुम्ही, कुणाकडचे, पोरीचं जमलं का, इथपासून कापसाच्या भावापर्यंत. खिडकीच्या गजांना दुधाच्या बरण्या अडकवलेल्या, दाराशी भाजीची गाठोडी, बाकाखाली कोंबड्या. जाणती माणसं इंजिनाकडे पाठ करून बसायची, म्हणजे कणी डोळ्यात जात नाही. लग्नाला निघालेल्या मंडळींची खरी पंचाईत पांढऱ्या धोतर-टोपीची. वऱ्हाड घाटातून उतरून नागपूरला पोचेपर्यंत सगळ्यांचा रंग एक झालेला असे. म्हणून नवे कपडे ट्रंकेत आणि अंगावर जुने, हा रिवाज पडला.

आणि हे वऱ्हाड निघालेलं असायचं नागपूरला, किंवा नागपूरहून आलेलं असायचं. सोयरीक तिकडची, डॉक्टर तिकडचा, लग्नाचा बस्ता तिकडचा, कोर्टाची मोठी कामं तिकडची. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हापासून नागपूर ही राजधानी. विद्यापीठ १९२३ पासून तिथं. सौंसर-पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याला सरकार, शिक्षण आणि बाजार या तिन्ही गोष्टींसाठी एकाच दिशेला जायचं होतं, आणि छोटी लाइन त्याच दिशेला जात होती.

१ नोव्हेंबर १९५६ ला हे बदललं. राज्य पुनर्रचनेत नागपुरासह विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळ झाली. केळोद आणि लोधीखेडा या दोन स्टेशनांच्या मधून राज्याची सीमा गेली. एका बाजूला सावनेर तालुका, दुसऱ्या बाजूला सौंसर. सातबारा आणि खसरा वेगळे झाले, शाळेतली पुस्तकं हिंदी झाली, नोकरीचे अर्ज हिंदीत लिहावे लागले. सीमेवर गाडीनं मात्र वेग कमी केला नाही. तसा तो आधीच कमी होता. सकाळी तेच डबे, तीच माणसं, तेच इतवारी. रेल्वेच्या कारभारातही नागपूरच वरचढ राहिलं. शेतकऱ्याला भोपाळचा साहेब माहीत नसला तरी चालायचं, स्टेशनमास्तर नागपूरच्या हुकमात होता.

या भागात मराठी टिकली ती घरामुळे, कीर्तन-भजनामुळे, सोयरिकींमुळे. पण सोयरिकी टिकायला जा-ये लागते, आणि जा-ये करायला परवडणारं तिकीट लागतं. छोट्या लाइनचं तिकीट गरिबाला परवडत होतं. मातृभाषेवरच्या परिसंवादांत नॅरोगेजचं नाव कुणी घेत नाही. घ्यायला हवं.

पांढुर्ण्याची गोष्ट दुसरी. नागपूर-इटारसी ही मोठी लाइन १९२० च्या दशकाच्या मध्याला पुरी झाली. १९२९ मध्ये दक्षिणेत काझीपेट-बल्लारशा हा तुटलेला दुवा जोडला गेला आणि दिल्ली ते मद्रास सरळ वाट तयार झाली. त्याच वर्षी ग्रँड ट्रंक एक्सप्रेस धावू लागली, सुरुवातीला पार पेशावरहून मंगळूरपर्यंत. म्हणजे पांढुर्ण्याच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या माणसासमोरून अर्धा हिंदुस्थान जायचा. बहुतेक वेळा न थांबता. इथलीही माणसं पॅसेंजर धरून नागपूरलाच जायची, संत्र्याच्या पेट्याही इथून चढायच्या. पण लाइन गावाची नव्हती, देशाची होती.

वाफेचा थाट मात्र पांढुर्ण्याकडे अधिक. गावाच्या उत्तरेला तीगाव ते चिचोंडा हा घाट आहे. मुलताईचं पठार चढून जायला जड मालगाडीला एक इंजिन पुरत नाही. मागून ढकलायला जादा इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात. वाफेच्या काळात पुढचं आणि मागचं इंजिन एकमेकांना दिसत नसे. मग शिट्ट्यांची भाषा. पुढच्यानं ठरलेली शिट्टी द्यायची, मागच्यानं तशीच परत द्यायची आणि दोघांनी एकदम वाफ सोडायची. रात्रीच्या वेळी हा सवाल-जवाब घाटात घुमायचा. आज तिथं विजेची इंजिनं चढतात आणि बँकर आजही लागतो, पण बोलणं वॉकीटॉकीवर.

वाफेच्या वाहनांवरच्या मराठी आठवणी म्हटलं, की वाचकाला कोकण आठवतं, आणि ते योग्यच आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी ही बंदरांची माळ, बोट खोल पाण्यात उभी आणि उतारू पडावातून हेलकावे खात किनाऱ्याला. जून ते ऑगस्ट दर्या खवळला की किनाऱ्याची वाहतूक बंद, आणि मुंबईतल्या गिरणीत काम करणारा कोकणी माणूस घराला पारखा. मुंबई बंदरातल्या आतल्या फेऱ्या, रेवस, धरमतर, उरण, त्या मात्र पावसाळ्यातही चालत. कोकणी माणसाला जी आगबोट होती, ती सौंसरच्या माणसाला छोटी गाडी होती: राहतं गाव एकीकडे, पोटाचं गाव दुसरीकडे, आणि मधे धूर ओकणारं एक सावकाश वाहन.

आगबोटीच्या आठवणींना एक काळी कड आहे, ती छोट्या लाइनच्या आठवणींना नाही. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळात कलंडली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. स्वातंत्र्य महिनाभरावर आलं होतं. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी आपली मासळी समुद्रात टाकून जमतील तेवढी माणसं ओढून घेतली. त्याआधी ११ नोव्हेंबर १९२७ ला ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. म्हणून कोकणातली वडीलधारी मंडळी आगबोटीविषयी प्रेमानं बोलतात, पण बोलता बोलता मधेच गप्प होतात. सातपुड्यातली मंडळी गप्प होत नाहीत. त्यांच्या गाडीचा वेगच असा होता, की तिच्या हातून मोठा अपराध होण्याची शक्यता कमी.

दोन्ही वाहनं संपली ती मात्र एकाच कारणानं. रस्ता आला. सावनेर-सौंसर-छिंदवाडा रस्ता सुधारला, एसटी आणि खासगी बसगाड्या दोन-अडीच तासांत नागपूरला सोडू लागल्या, आणि वेळेची किंमत असलेला माणूस बसकडे वळला. गाडीत उरले ते वेळेपेक्षा पैशाची किंमत जास्त असलेले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत छोट्या लाइनवर वाफेची जागा डिझेलनं घेतली. शेजारच्या वऱ्हाडात मूर्तिजापूर-यवतमाळ-अचलपूर या किलिक निक्सन कंपनीच्या ‘शकुंतला’ या छोट्या गाडीला १९२३ पासून ओढणारं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ मध्ये निवृत्त झालं. देशात मोठ्या लाइनवरची वाफ १९९५ मध्ये संपली. चित्तरंजनच्या कारखान्यानं मोठ्या लाइनचं अखेरचं वाफेचं इंजिन त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १९७० मध्ये बनवलं होतं. त्याचं नाव ‘अंतिम सितारा’. सरकारी खात्याला एवढी कविता सुचली, हे विशेष.

डिझेल आल्यावर सौंसरच्या लाइनवरच्या कपड्यांची काळजी मिटली, पाण्याच्या टाक्या कोरड्या पडल्या, गाडी मात्र तेवढीच हळू राहिली. वेग इंजिनामुळे नव्हे, अडीच फुटांच्या रुळामुळे आणि घाटामुळे अडलेला होता. २०१५ च्या नोव्हेंबरअखेर नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज रुंदीकरणासाठी बंद झाली. शंभराहून अधिक वर्षं धावलेल्या गाडीला निरोप द्यायला वाटेतल्या स्टेशनांवर गर्दी लोटली. त्यातले अनेक जण त्या गाडीत बरीच वर्षं बसलेही नसतील. निरोपाला मात्र सगळे हजर राहतात, हा आपला जुना शिरस्ता.

मग काही वर्षं सौंसरला रेल्वेच नव्हती. टप्प्याटप्प्यानं मोठी लाइन पुढे सरकत राहिली. सर्वांत अवघड निघाला तो भिमालगोंदी ते भंडारकुंड हा घाटाचा तुकडा. छोटी लाइन जिथं डोंगराच्या पोटाला बिलगून वळसे घेत होती, तिथं मोठ्या लाइनला इतकी वळणं चालत नाहीत. बोगदा खणावा लागला, दऱ्यांवर उंच पूल उभारावे लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये इतवारी-छिंदवाडा अशी सलग गाडी पुन्हा सुरू झाली. १९१३ च्या अभियंत्यांनी जो खर्च टाळला होता, तो एकशेआठ वर्षांनी करावा लागला. त्यांनी तो टाळला, म्हणूनच गावाला शंभर वर्षं आधी रेल्वे मिळाली, हेही खरं.

नवी गाडी चांगली आहे. ती वेळ वाचवते, घाटात रुसत नाही, पावसाळ्यात वाळू मागत नाही. जुनी गाडी गेली म्हणून हळहळणाऱ्यांना रोज नागपूरला कामाला जाणारा तरुण हेच सुनावेल आणि त्याचं चुकणार नाही. सौंसरजवळच्या बोरगावात कारखाने आहेत, तिथं पाळीला पोचायचं असतं. संत्र्यानं तर रेल्वे बहुतांशी सोडलीच आहे. मृग बहार असो की अंबिया, माल ट्रकनं कळमन्याला जातो आणि तिथून देशभर ‘नागपुरी’ म्हणून विकला जातो. सौंसर-पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याची त्यावर कुरकुर असते, आणि ती रास्त आहे.

पण सगळंच मोडायला हवं होतं का? दार्जिलिंगची डोंगरी रेल्वे १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, निलगिरीची २००५ मध्ये, कालका-शिमला २००८ मध्ये. तिन्ही ठिकाणी थंड हवा, साहेबांचे बंगले आणि पर्यटक आहेत. सातपुड्याच्या जाळ्यावर यातलं काही नव्हतं. तिथं होते गोंड, कोष्टी, कुणबी, शाळामास्तर आणि दुधाच्या बरण्या. आपल्याकडे वारसा ठरायला आधी हिल स्टेशन व्हावं लागतं. रामाकोन्याच्या पुढच्या घाटातला निदान काही मैलांचा तुकडा जुन्या वाटेवर जपला असता, तर मोठ्या लाइनच्या मार्गात त्यानं फारशी अडचण केली नसती. जपता येतं, हे आगबोटी बांधणाऱ्या शहरानं दाखवलं आहे. ग्लासगोत बांधलेली आणि १९४६ मध्ये पाण्यात उतरलेली ‘वेव्हर्ली’ ही वल्ह्याच्या चाकांची आगबोट चालेनाशी झाली, तेव्हा १९७४ मध्ये मालकांनी ती हौशी जतनकर्त्यांना एका पौंडाला देऊन टाकली. ती शोभेला ठेवतील, अशी मालकांची समजूत. हौशी मंडळींनी पुढच्याच वर्षी तिच्यात उतारू बसवले. ती अजून चालते.

नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालं. सीसी ६७७ तिथं रंगरंगोटी करून ठेवलं आहे, सोबत १९१५ चं ‘बँटम’ नावाचं बुटकं इंजिन, जुने डबे, कंदील, सिग्नलची यंत्रं, टोकनची उपकरणं. शाळांच्या सहली येतात, पोरं फायरमनच्या जागेवर उभी राहून फोटो काढतात. सीसी पुन्हा पेटवायचं मनात आणलं, तर ते अशक्य नाही. बॉयलरच्या नळ्या बदलायच्या, पाण्याच्या दाबानं तपासणी करायची, भट्टीचं तांबं-पोलाद पारखायचं. हे काम जाणणारे हात देशात अजून आहेत. दार्जिलिंगच्या तिनधारिया कारखान्यात ते रोज चालतं, आणि तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक कारखान्यानं निलगिरीसाठी या शतकात नवी वाफेची इंजिनं बांधली आहेत. मोतीबागेला स्वतःची नॅरोगेज कारखान्याची परंपरा आहे. आडवा येईल तो फक्त रूळ. इतवारीहून सौंसरकडे जाणाऱ्या वाटेवर आता दोन रुळांत १६७६ मिलिमीटरचं अंतर आहे आणि सीसीच्या चाकांमधलं ७६२ मिलिमीटर. इंजिन पेटलं, तरी त्याला संग्रहालयाच्या आवारातच फेऱ्या माराव्या लागतील, आणि तिकीट काढून त्यात बसायला सौंसरच्या माणसाला ब्रॉडगेजनं यावं लागेल.